‘कचरापेटीवर गालिचा’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटोही मोठे करून बघितले. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये तुमच्या जुन्या मिनीबसचा कॅम्पर, म्हणजे राहता-झोपता येईल अशी फिरती गाडी, केला. चोर्ला घाटात उजव्या बाजूनं खडखड सुरू झाली. गोव्यात एका गॅरेजवाल्यानं खिडकीखालचं पॅनल उघडलं, तर आतून पाना, बांगडीचे तुकडे, पेन्सिली, चॉकलेटचे कागद आणि रिव्हेटचे तुकडे निघाले. शिवाय पाण्याचा पंप ‘खराब’, मागच्या दारावर गंजाचे ठिपके. ‘कचरापेटीवर गालिचा घालून गाडी दिली’ असं तुम्ही लिहिलंय, आणि बेळगावात कुंदा तेवढा चांगला मिळतो असंही. कुंद्याचं मान्य. बाकीचं एकेक बघू या की.

पेन्सिली आणि बांगड्या पोरांच्या. गाडी तुमच्याकडे येण्याआधी शाळेची बस होती, तुमच्याच दुसऱ्या फोटोत पॅनलमागं पिवळा रंग दिसतोय. काच सरकते त्या फटीतून हातातलं काही पडलं की ते पत्र्याच्या दोन थरांमध्ये जातं, आणि तिथून बाहेर यायला वाट नसते. आम्ही इन्सुलेशनसाठी छत आणि खिडकीवरचा भाग उघडला. खालचं पॅनल उघडायचं तर खिडक्यांची रबरं काढणं आलं. त्याचा खर्च वेगळा सांगितला होता, तुम्ही नको म्हणालात. कोटेशनवर ‘खालचं मूळ पॅनल तसंच’ अशी ओळ आहे, खाली तुमची सही आहे. तो पैसा तुम्ही सोलरला घातलात. मला विचाराल तर बरंच केलंत.

आता पाना. दहा-अकराचा आहे, गंजून खपल्या सुटल्यात. गाडी आमच्याकडून दिवाळीत गेली. पॅनलच्या आत राहून एवढ्यात लोखंडाचे असे पापुद्रे सुटत नाहीत, त्याला वर्षं लागतात. आमच्या शेडमध्ये प्रत्येक पान्याचा आकार भिंतीवरच्या बोर्डावर रंगवलाय. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये काम करून आलेल्या आमच्या फिटरनं लावलेली ही शिस्त. बोर्डावर एक जागा रिकामी दिसली तरी पॅनलचे स्क्रू बसत नाहीत, मग कितीही रात्र होवो. पोरं सुरुवातीला कुरकुरायची. पण विमानाच्या धंद्यात याची धास्ती मोठी आहे. बोइंगच्या केसी-४६ टँकर, म्हणजे हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणाऱ्या विमानांत राहून गेलेली अवजारं आणि कचरा सापडला, तेव्हा २०१९ मध्ये अमेरिकी हवाई दलानं नवी विमानं ताब्यात घेणं काही काळ थांबवलं होतं.

रिव्हेटचे तुकडे मात्र आमच्या कामाचेच. पॉप रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारी पोकळ खिळी. ती मारताना गन तिच्या मधली दांडी ओढते, दांडी तुटून बाहेर येते, पण तिचं डोकं रिव्हेटच्या आतल्या टोकाशी राहतं. हादऱ्यानं ते कधी सुटतं आणि पोकळ चॅनलमध्ये पडतं. ज्वारीच्या दाण्याएवढं असतं, पण घाटात आवाज असा करतं की गिअरबॉक्स गेला वाटावं. बंद चॅनलमध्ये हात जात नाही. म्हणूनच डिलिव्हरीच्या कागदावर लिहिलंय की पहिल्या हजार किलोमीटरला आवाज आला तर गाडी घेऊन या.

आवाजापेक्षा मला काळजी आहे ती तळाच्या भोकांची. दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) खालच्या कडेला पाणी निघून जायला कंपनीनं भोकं ठेवलेली असतात. चॉकलेटचा कागद, धूळ आणि असला एखादा तुकडा मिळून भोक बुजलं की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जुन्या बसचा कॅम्पर करणाऱ्या कुणीही खानापूरकडचा पाऊस लागायच्या आधी ही भोकं जाड तारेनं मोकळी करून घ्यावीत, गाडी आमची असो वा नसो.

दारावरचे ठिपके म्हणजे ग्राइंडरच्या ठिणग्या. तापलेला लोखंडाचा कीस रंगात रुततो आणि पहिल्या पावसात नारिंगी होतो. ते फक्त सायकल कॅरिअरच्या ब्रॅकेटभोवती आहेत, आणि आमच्या डिलिव्हरीच्या फोटोत ते कॅरिअर नाहीच. नंतर कुठंतरी वेल्डिंग करून घेतलंय. घासणीनं घासू नका, रंग जाईल. लोखंड विरघळवणारं लिक्विड मारून मग क्ले (रंग साफ करायची मऊ वडी) फिरवला की निघतात. ते आम्ही करून देतो, पैसे नकोत.

पंप खराब नाही. टाकीला नळ्यांसाठी भोकं पाडताना प्लास्टिकचा पांढरा कीस उडतो आणि टाकीच्या भिंतींना चिकटून राहतो. टाकी धुऊन दिली तरी थोडा मागाहून सुटतोच. त्यासाठीच पंपाच्या आधी जाळीची पारदर्शक वाटी बसवलेली असते. सीटखाली बघा, निळ्या नळीवर आहे. पंप बंद करून वाटी हातानं उलटी फिरवा, जाळी नळाखाली धरा, रबरी रिंग जागेवर बसवून परत घट्ट करा.

आणि चौथ्या फोटोबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. बॅटरीच्या खोक्याशेजारी एक सुटा स्क्रू पडलाय. तो आमचा, कॅरिअरवाल्याचा की आणखी कुणाचा, हे नंतर बघू. आज आधी मेन स्विच बंद करा आणि तो उचला. दोन टर्मिनलांमध्ये लोखंड आडवं पडलं तर वायर पेटायला वेळ लागत नाही. टर्मिनलवरची लाल-काळी टोपणं जागेवर आहेत का तेही बघून ठेवा. पानाबिना राहू दे, सगळ्या फोटोंत घाबरण्यासारखी गोष्ट हीच एक.

रविवार सोडून कधीही या, आदल्या दिवशी फोन तेवढा करा. चॅनलमधले तुकडे काढण्याचे पैसे घेणार नाही. खालचं पॅनल पूर्ण उघडून साफ करायचं असेल तर कोटेशनमधलाच जुना दर लावतो.

रिव्ह्यूला रेटिंगचा तारा एकच ठेवलात तरी हरकत नाही. पण ‘पंप खराब’ हे वाक्य जाळी धुतल्यावर दुरुस्त करा सर. ते वाचून लोक फोन करून पंपाची कंपनी बदला म्हणून सांगायला लागलेत.