'स्वयम्'वरून घरबसल्या पदवी? तसं नाही

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर कोर्स करा, कॉलेजात न जाता फुकट पदवी मिळवा. अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. २०१७ पासून चालू असलेल्या या पोर्टलवर शिकणं फुकटच. प्रमाणपत्रासाठी मात्र फी भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. तिथल्या एनपीटीईएलच्या (आयआयटी आणि आयआयएससीचा ऑनलाइन शिक्षण उपक्रम) कोर्सला असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण हवेत. नुसते व्हिडिओ चालू ठेवून भागत नाही, राजेहो! आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले जास्तीत जास्त ४० टक्के क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) असे मिळवता येतात, तेही विद्यापीठानं मान्य केलेल्या कोर्सचेच. प्रवेश रद्द करायला निघालेल्यांनी आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारून घ्यावं.