जाड वहिनीला व्यायामाला कसं लावावं

तुमच्या घरात एखादी वहिनी, बायको, नणंद किंवा लग्नाची मुलगी अंगाने जाड असेल आणि तिने रोज व्यायाम करावा असं तुम्हाला अगदी आतून वाटत असेल, तर ते आधी चारचौघात बोलून दाखवा. बाजूला घेऊन "तुला कधी जमेल, तेवढा वेळ पोरांचं मी बघतो" वगैरे म्हणायचं नाही, कारण मग ती खरंच जायला लागते आणि आपल्याला बोलायला विषय उरत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी तिच्या हातात असतानाची वेळ सगळ्यात चांगली. "जपून हं, साजूक तूप आहे," एवढंच म्हणायचं आणि हसायचं. शिरा पहाटे उठून तिनेच केलेला असतो, पण तो भाग सोडा.

थोडे आकडे पाठ असू द्या, वजन पडतं. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 25 च्या वर गेला की डॉक्टर लठ्ठपणा म्हणतात, गोऱ्या लोकांना 30 पर्यंत सूट आहे, हे तिला नक्की सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21 चं) हीच 25 ची रेघ ओलांडलेल्या बायका 24 टक्के निघाल्या हेही सांगा. त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात पुरुष 22.9 टक्के आहेत, तो रकाना मोठ्याने वाचायची गरज नाही. पुरुषाचं पोट खात्यापित्या घरचं असतं, शर्ट बाहेर काढला की विषय संपला.

मग वेळेच्या मुद्द्यावर यायचं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम हवा, म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं झाली, आणि तेवढीपण काढता येत नाहीत का तुला, असं विचारायचं आणि परत मोबाईलमध्ये बघायचं. पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि तासाभरात जातं, ते भरायचं, दोन डबे, पोळ्या, आईंचा बिनसाखरेचा चहा, पोराचं हरवलेलं आयकार्ड आणि मग धावत लोकल, ह्याच्यात वीस मिनिटं कुठून काढायची हे तिचं तिने बघावं, टाइम मॅनेजमेंट म्हणतात त्याला. सरकारने 2024 मध्ये लोकांच्या वेळेचा हिशोब घेतला तेव्हा स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात असं निघालं, पुरुषांची 88. आणि ते 88 सुद्धा ज्यांनी त्या दिवशी घरात कशालातरी हात लावला त्यांचेच, बाकीचे त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. बिचारे.

तिने हे 289 तुमच्या तोंडावर मारले तर उत्तर तयार ठेवा, "मग घरकाम हाच व्यायाम की!" चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही एवढी धाप लागली तर तो मध्यम व्यायाम. ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटताना पाय सुजतात, धाप कुठे लागते? पण एवढ्या खोलात आपण शिरायचं नाही.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायामपण करायचा असतो म्हणे. तो मात्र करू देऊ नका, वजनं उचलली की बायका पुरुषी दिसतात. तिने फक्त सिलेंडर बाल्कनीतून ओट्याखाली आणावा, त्यात गॅसच 14.2 किलो असतो, टाकीचं वजन वेगळं. त्याने कोणी पुरुषी दिसल्याचं ऐकिवात नाही.

वाढदिवसाला स्मार्टवॉच द्या आणि पहिल्याच दिवशी 10,000 पावलांचं टार्गेट लावून द्या. हा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही, पण गोल आकडा आहे, छान वाटतो. अमेरिकेत 2019 मध्ये सत्तरीच्या आसपासच्या बायकांवर अभ्यास झाला, त्यात रोज साधारण 4,400 पावलं चालणाऱ्यांचं मरणाचं प्रमाणही 2,700 वालींपेक्षा बरंच कमी दिसलं. हे तिला कळलं तर ती लगेच खाली उतरून बिल्डिंगला चार फेऱ्या मारेल आणि उद्या पाच. त्यापेक्षा दहा हजार बरे, तिसऱ्या दिवशी घड्याळ कपाटात जातं आणि आपण म्हणायला मोकळे, की आम्ही आणून दिलं होतं.

कपड्यांचा खर्च टाळा. तिच्या मापाची धड स्पोर्ट्स ब्रा दुकानात मिळत नाही आणि मिळाली तर किंमत बघून ती स्वतःच परत ठेवते, चालून चालून मांड्या घासून सोलवटतात, घामाने चुरचुरतात, मग ती ऑफिसात पाय फाकवून चालते आणि विचारलं तर काही सांगत नाही. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला उड्या मारताना थेंबभर लघवी होते म्हणून ती झुंबाला जायची बंद होते, फिजिओथेरपिस्ट त्याच्यावर साधे व्यायाम शिकवतात, बऱ्याच जणींना फरक पडतो, पण असले विषय घरात काढायचे नाहीत. "आळस आहे, दुसरं काय" हे निदान स्वस्त आणि झटपट.

बाहेर मुंबई आहेच मदतीला. लोकलच्या लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी म्हणून ती टेकली की तिसरी बाई जो सुस्कारा सोडते तो ऐकून ती दादरपर्यंत उभीच राहते, ह्याला व्यायाम धरा. शिवाजी पार्कला पाठवलंत तर कट्ट्यावर बसलेली मंडळी आपलं काम चोख करतात, फेरी जेमतेम किलोमीटरच्या वरची पण कॉमेंट दर पन्नास पावलांवर. आणि श्रावणात मंगळागौरीला ती आपणहून फुगड्या आणि झिम्मा घालायला लागली, तासभर घामाघूम होऊन खिदळायला लागली, तर मात्र ताबडतोब थांबवा. वयाला शोभत नाही. शिवाय फरशी हादरते, हे नणंदेने म्हणायचं.

एवढं करूनही काही बायका ऐकत नाहीत. बिल्डिंगमधल्या तिघी-चौघी एकत्र निघतात, रात्री जेवणं उरकून, कोणी गाऊनवर ओढणी घेऊन, कोणी सासूच्या स्लिपर घालून, आणि गप्पा मारत सिग्नलपर्यंत जाऊन येतात. अशा वेळी वजनकाटा कामाला येतो. दर रविवारी उभी करा आणि सगळ्यांसमोर आकडा वाचा. नुसत्या चालण्याने काटा फारसा हलत नाहीच, तरी साखर आवरते, बीपी उतरतं, झोप लागते, गुडघे कुरकुरायचे कमी होतात, पण हे काट्यावर दिसत नसल्यामुळे चर्चेत घेऊ नका. "महिना झाला ना? मग?" एवढंच विचारा आणि भुवया वर ठेवा.

आणि समजा तरीही ती थांबलीच नाही, जिने चढताना आता तिला नाही तुम्हालाच दम लागतोय असं झालं, तर घाबरायचं कारण नाही, श्रेय घ्या. फॅमिली ग्रुपवर फोटो टाका, खाली लिहा, "आमच्या रोजच्या सांगण्याचा परिणाम." फक्त फोटोत ती कडेला आणि जरा मागे उभी राहील एवढं बघा.