रानगवतावरील बुरशीबद्दलच्या संदेशाचा खुलासा

‘रानगवतावर बुरशी दिसली की ते विषारी, उपटून जाळा, हिरवेगार गवत मात्र सुरक्षित’ असा संदेश फिरतो आहे. त्यातले दोन्ही भाग चुकीचे आहेत.

पानावरची नारिंगी पूड बोटाला लागली तर तो बहुधा तांबेरा. कणसात काळी भुकटी भरली असेल तर काणी. दोन्ही असणे म्हणजे विष नव्हे. खरी सावधगिरी हवी ती अर्गट या विषारी बुरशीबाबत: दाण्याच्या जागी कडक, जांभळट-काळे शिंग येते. अशी कणसे जनावरांना घालू नयेत.

उलट, टॉल फेस्क्यू गवतात एपिक्लोई बुरशी पेशींच्या मधल्या जागेत राहते. बाहेरून काहीच दिसत नाही, तरी तिच्या काही वाणांतील अर्गोव्हॅलिन हे विषारी द्रव्य जनावरांना बाधते. तीच बुरशी गवताला किडींपासून वाचवते, हेही खरे.

आतली बुरशी शोधायची तर पानाचे तुकडे ७०% अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करून निर्जंतुक पाण्याने धुतात, मग बुरशी वाढवण्याच्या पोषक माध्यमावर ठेवतात. शेवटचे धुण्याचे पाणीही वेगळ्या प्लेटवर पसरावे. त्यात बुरशी उगवली तर पृष्ठभाग नीट निर्जंतुक झाला नव्हता आणि तो निकाल धरता येत नाही. हे बरेचदा राहून जाते.

मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.