अमिनो ॲसिडच्या फवारणीवर आलेल्या कमेंटला उत्तर

ताई, कमेंटवर तुमचं नाव नाही, नुसतं 'एक आई' लिहिलंय, म्हणून ताईच म्हणतो. द्राक्षबागेत अमिनो ॲसिड (प्रोटीन तोडून केलेलं, वेलीच्या वाढीला मदत करणारं औषध) कधी आणि किती मारायचं यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की सरकारने यातली काही औषधं बंद केलीत, चामड्यापासून केलेल्या मालात क्रोमियम हा जड धातू असू शकतो, बाटलीत लेबलवरचंच असतं कशावरून, आणि शेवटी "हे म्हणजे आमच्या लेकरांच्या द्राक्षावर अजिनोमोटो मारणं झालं, तुम्ही कंपन्यांचे दलाल आहात".

एक चूक आधीच मान्य करतो. मी 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलं होतं, ते लिहायला नको होतं, कारण बराचसा माल प्रोटीन ॲसिडमध्ये शिजवून तोडलेला असतो. तो शब्द काढलाय.

आता अजिनोमोटो. ग्लुटामिक ॲसिड हे प्रोटीनमधल्या वीस अमिनो ॲसिडपैकी एक, ते गव्हात आहे, डाळीत आहे, आईच्या दुधातसुद्धा आहे. पिकलेल्या टोमॅटोत १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅमच्या वर मोकळं ग्लुटामेट (म्हणजे हेच ॲसिड, प्रोटीनमधून सुटं झालेलं) सहज असतं, तेच जे अजिनोमोटोत असतं, आणि टोमॅटोचं सार तुम्ही लेकराला प्रेमाने भरवता ना?

माझाच हिशोब सांगतो. लिटरला २ मिली, एकरी ४०० लिटर पाणी, म्हणजे ८०० मिली औषध. त्यात २० टक्के अमिनो ॲसिड धरलं तर १६० ग्रॅम. ते सगळंच्या सगळं, पानावर एक थेंब न पडता, ८ टन मालावरच बसलं आणि तसंच राहिलं असं धरा (तसं होत नाही, आपण पोंग्यापासून (डोळा फुटतो तेव्हापासून) सेटिंगपर्यंत (मणी धरेपर्यंत) मारतो तेव्हा मणी तरी कुठे असतात), तरी किलोला २० मिलिग्रॅम येतात. तीन फवारण्या धरा, ६०. तेही वीसच्या वीस अमिनो ॲसिड मिळून. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये बाहेरून घातलेल्या ग्लुटामेटची मर्यादा दिवसाला वजनाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅम ठरवली, म्हणजे १५ किलोच्या पोराला ४५०. आता तुम्हीच सांगा, विष कुठे आहे?

पण खरं सांगतो, मला लागलं ते अजिनोमोटो नाही, 'दलाल' लागलं. १९८९ ला वडिलांनी निफाडला पहिला एकर थॉमसन जातीची द्राक्षं लावली, तेव्हापासून मी या बागेत आहे. २०१० मध्ये सीसीसीच्या (वेलीची वाढ रोखणारं औषध) रेसिड्यूवरून, म्हणजे मालात उरलेल्या अंशावरून, युरोपात द्राक्षं अडकली त्यात आमचाही कंटेनर होता, ज्याच्यामार्फत माल गेला त्याने फोन उचलणं बंद केलं आणि सोसायटीचं कर्ज आम्ही सहा वर्षं फेडलं. तेव्हापासून रेसिड्यूचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय घडाला कात्री लावत नाही. रेसिड्यू म्हणजे काय हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही, तुम्ही ते फोनवर वाचलंय, मी ते भरलंय. माझी नात याच बागेतली द्राक्षं न धुता खाते, मी कितीही ओरडलो तरी. कुठल्या कंपनीचा एक रुपया घेतलेला नाही, घेतला असता तर ठिबकचे हप्ते थकले नसते.

सरकारच्या बंदीचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ ला प्राण्यांपासून बनवलेल्या ११ बायोस्टिम्युलंटची (पिकाच्या वाढीला चालना देणारी औषधं, अमिनो ॲसिड त्यातलंच) मान्यता काढली ती लोकांच्या धार्मिक आणि आहाराच्या भावनांवरून, विषारी निघाली म्हणून नाही, आणि मी लिहिलं ते सोयाबीनच्या मालाबद्दल. क्रोमियमला खत नियंत्रण आदेशात ५० पीपीएमची मर्यादा आहे, ती पाळली जाते का हे बघायला कृषी खातं आहे, मी प्रयोगशाळा नाही. लेबलचंही तेच, पक्कं बिल घ्या म्हणून मी आधीच लिहिलंय.

आई म्हणून काळजी वाटणं समजतो, पण काळजी म्हणून कुणालाही काहीही म्हणायचं का? शेतकरी दिसला की विष पेरणारा, हे आम्ही किती वर्षं ऐकायचं? तुमची कमेंट डिलीट करणार नाही, तशीच राहू दे. फक्त तो दलाल शब्द तुम्ही स्वतः काढा, मग क्रोमियमवर हवं तेवढं बोलू.