पासष्ट वॅट माझे चुकले, पण तो स्विच बंद करू नका

नमस्कार,

आमच्या इंग्लंडमधल्या घराचा हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर आणि पाणी तापवणारं यंत्र, काम नसतानाही उभ्या उभ्या 65 वॅट वीज खातो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आली. तुमचे मुद्दे तीन. 65 वॅट हा आकडाच चुकीचा मोजलाय. कंपन्या जो वर्षभराचा कार्यक्षमतेचा आकडा देतात, म्हणजे एससीओपी, त्यात ही वीज आधीच धरलेली असते. आणि एवढंच खुपत असेल तर एप्रिलमध्ये बाहेरचा आयसोलेटर, म्हणजे पंपाची वीज तोडणारा भिंतीवरचा स्विच, बंद करून ऑक्टोबरमध्ये चालू करावा, राईचा पर्वत कशाला?

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. मी क्लॅम्प मीटर लावला होता, तोही स्वस्तातला. त्यात 0.27 अँपिअर दिसले, 240 व्होल्टने गुणले, झाले 65. पण तो मीटर फक्त करंट पाहतो. पंपातल्या इन्व्हर्टरच्या, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणाऱ्या सर्किटच्या, तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात. ते करंट घेतात आणि परत करतात, आणि त्या येरझाऱ्यांचे पैसे घरगुती बिलात लागत नाहीत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात. मी शिकलोही होतो. असो.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर पंपाच्या लाइनवर जो छोटा मीटर आहे त्याच्यासमोर रात्री मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. त्यावरचा लाल दिवा एका युनिटला 1000 वेळा लुकलुकतो, म्हणजे एक लुकलुक एक वॅट-तास. कॉम्प्रेसर बंद, पाण्याचा पंप बंद, टाकी गरम. दोन लुकलुकींमध्ये 3 मिनिटं 20 सेकंद गेली. 3600 भागिले 200, बरोबर 18 वॅट. पहाटे बाहेर गारठा पडल्यावर पुन्हा पाहिलं तर दिवा दर 72 सेकंदांनी, म्हणजे 50 वॅट. हे वरचे 32 वॅट कॉम्प्रेसरच्या बुडाशी असलेल्या हीटरचे.

तेव्हा हिशेब असा बदलतो: 65 वॅटने वर्षाला 570 युनिट होत होते, आता 18 वॅटचे 158 आणि हीटरचे थंडीतले धरून साधारण 200. माझ्या 25 पेन्सच्या दराने 50 पौंड. लेखात मी 142 लिहिले होते. चूक मोठी आहे, लाज वाटण्याइतकी.

एससीओपीबद्दल मात्र तुमचं अर्धंच बरोबर. युरोपच्या चाचणीत ही वीज धरतात हे खरं, पण किती तास धरतात ते बघा. इंग्लंड ज्यात मोडतं त्या 'सरासरी' हवामानात, फक्त गरम करणाऱ्या पंपाला क्रँककेस हीटरचे (कॉम्प्रेसरच्या बुडाशी असलेला तोच) 3850 तास, 'बंद' अवस्थेचे 3672 तास, आणि स्टँडबायचे, म्हणजे काम नसताना नुसतं जागं राहण्याचे? शून्य. वर्षात तास असतात 8760. शिवाय तो आकडा खोल्या गरम करण्यापुरता आहे, आणि आमचा पंप उन्हाळाभर आंघोळीचं पाणी तापवायला जागाच असतो. त्याला 'बंद' अशी अवस्था माहीतच नाही. मोठ्या जुन्या घरात वर्षाला 4000 युनिट जळत असतील तर त्यात 200 कुणाला दिसणारही नाहीत. पण चांगलं इन्सुलेशन केलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सगळा खर्चच 1300 असेल, तर ते पंधरा टक्के झाले. लेखाचा रोख त्या लोकांकडे होता.

आता आयसोलेटर. इथे मात्र मी जरा जोरात नाही म्हणतो.

गेल्या जूनमध्ये आई पुण्याहून आली होती. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायची तिची जुनी सवय. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना भिंतीवरचा तो फिरवायचा स्विच तिला दिसला, आणि आम्ही तीन दिवस फिरायला निघालो तेव्हा तिने तो शिस्तीत फिरवला. परत आलो तर टाकीतलं पाणी गार. मी स्विच चालू करून लगेच 'गरम पाणी' दाबणार, तेवढ्यात पंप बसवून देणाऱ्याने फोनवर थांबवलं: आधी काही तास नुसती वीज असू द्या.

कारण तोच हीटर, ज्याला मी लेखात 'फुकट्या' म्हटलं होतं. कॉम्प्रेसर गार पडला की पंपात फिरणारा, उष्णता वाहून नेणारा गॅस हळूहळू त्याच्या तेलात जाऊन मुरतो. तसंच सुरू केलं की गॅस उकळतो, तेलाला फेस येतो आणि बेअरिंगना वंगण मिळत नाही. वर्षाला दहा-वीस पौंड वाचवायला हजारो पौंडांचा कॉम्प्रेसर पणाला लावू नये. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यावर तसं लिहायला नको का?" मुद्दा बिनतोड होता. आता तिथे चिठ्ठी आहे, मराठीत.

थंडीत तर स्विच बंद करणं आणखी वाईट. मोनोब्लॉक पंपात, म्हणजे सगळं यंत्र बाहेरच्या एकाच पेटीत असतं त्या प्रकारात, पाण्याचा पाइप घराबाहेर असतो, आणि पारा शून्याजवळ आला की पंप स्वतःहून पाणी फिरवून तो वाचवतो. वीज नसेल तर नाही फिरवत.

वाचवायचंच असेल तर जागा दुसरी आहे. आमच्या सेटिंगमध्ये घर हवं तितकं गरम झाल्यावरही पाण्याचा पंप अखंड फिरत होता. तो अधूनमधून फिरून तापमान तपासेल असं केलं, आणि त्याने स्टँडबायपेक्षा जास्त युनिट वाचले. हे मूळ लेखात यायला हवं होतं, राहिलं.

मूळ लेखातले आकडे खोडून बाजूला नवे लिहिले आहेत, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. तुमच्या पंपाला वेगळा मीटर असेल तर एका रात्री दोन लुकलुकींमधले सेकंद मोजून इथेच कळवा. बाहेरचं तापमानही लिहा.