९.८ का नको? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुमचं सोळा आणे खरं आहे आणि चूक माझी आहे. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मी भांडणार आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी कशी करावी, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं: डीव्हीडीला ९.८ मेगाबिटचा बिटरेट (चित्रासाठी दर सेकंदाला खर्च होणारी माहिती) चालतो, तरी ५ वर थांबायला सांगून मी लोकांच्या आठवणींची वाट लावतोय. आवाजही कॉम्प्रेस करून, म्हणजे दाबून कमी जागेत ठेवायला सांगतोय. इंटरलेस चित्र (एकआड एक ओळींच्या दोन भागांत येणारं) तसंच ठेवा म्हणतोय आणि तसं केल्यावर तुमच्या टीव्हीवर वऱ्हाडी थरथरायला लागले. शिवाय जाता जाता टोला, की हल्ली डीव्हीडी बघतं कोण?

थरथरण्यापासून सुरुवात करतो, कारण माझी चूक तिथेच आहे.

आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फिल्डची बनते. एकात विषम क्रमांकाच्या ओळी, दुसऱ्यात सम. ही दोन फिल्ड एकाच क्षणाची नसतात, एक दुसऱ्याच्या पन्नासांश सेकंदानंतर टिपलेलं असतं. त्यामुळे कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे एनकोडरला (चित्र डीव्हीडीच्या रूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला) बरोबर सांगावं लागतं. मी व्हीसीआरची वायर एका जुन्या मिनीडीव्ही कॅमकॉर्डरला जोडतो आणि त्याच्याकडून कॅप्चर करतो, म्हणजे संगणकात उतरवून घेतो. मिनीडीव्हीत खालचं फिल्ड आधी असतं. म्हणून मी बेधडक लिहून मोकळा झालो, ‘खालचं आधी निवडा.’ तुम्ही वापरताय यूएसबीचं कॅप्चर उपकरण, आणि अशी बरीच उपकरणं वरचं फिल्ड आधी देतात. क्रम उलटा पडला की हात पुढे जातो, किंचित मागे येतो, पुन्हा पुढे जातो. तुम्ही वर्णन केलेली थरथर नेमकी हीच. लेखात दुरुस्ती केली आहे. तुमची जी डिस्क वाया गेली तिच्याबद्दल मनापासून माफी.

पण या थरथरीवर तुम्ही काढलेला उपाय, म्हणजे सरसकट डीइंटरलेस करून (दोन्ही फिल्डचं मिळून एकच चित्र करून) टाकणं, मला पटत नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या सेकंदाच्या ५० क्षणांपैकी २५ त्यात कायमचे जातात. डीव्हीडीत सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम ठेवायची सोयच नाही, त्यामुळे गेलेली हालचाल परत आणता येत नाही. संगणकावर फाइल उघडली की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात हे खरं. तो दोष फाइलचा नाही, बघायच्या सॉफ्टवेअरचा आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा, रेघा जातील. डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही यांना इंटरलेस चित्र कसं दाखवायचं हे जन्मापासून माहीत असतं.

आता बिटरेट. साध्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट बसतात, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. चित्राला ९.८ आणि आवाजाला थोडे, असे सेकंदाला १० मेगाबिट धरले तर डिस्क ६२ मिनिटांत भरते. तुमची कॅसेट तीन तासांची आहे. तीन डिस्क लागतील, आणि तेवढं करूनही वरचे बिट नेमके कशावर खर्च होणार? व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मोजून २४० ओळींच्या आसपास असतो. त्यापलीकडे जे काही दिसतं तो कॅसेटचा खरखराट, आणि एनकोडर तो खरखराट इमानेइतबारे जपत बसतो. त्यापेक्षा एनकोड करण्याआधी हलक्या हाताने हा खरखराट (नॉइज) कमी करा. ५ मेगाबिटमध्ये चित्र कसं सुधारतं ते स्वतःच बघा. हलक्या हाताने म्हणतोय, नाहीतर नवरीचा चेहरा मेणाचा होतो.

दुसरं म्हणजे ९.८ ही परवानगीची कमाल मर्यादा आहे, शिफारस नाही. घरी बर्न केलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते. जुन्या प्लेअरला काही भाग पुन्हा वाचावे लागतात, आणि बिटरेट टोकाला असेल तर तेवढी उसंत त्याला मिळत नाही. मग चित्र अडखळतं. एफएफएमपेग या एनकोड करायच्या सॉफ्टवेअरमधली पाल डीव्हीडीची तयार सेटिंगसुद्धा चित्राला ६००० किलोबिट धरते आणि कमाल ९००० वर थांबते. मी कमाल ८००० ठेवतो.

तुमचा न दाबलेल्या आवाजाचा आग्रह तर गणितातच बसत नाही. तो आवाज एकटाच १५३६ किलोबिट खातो. ९.८ मध्ये मिळवला की बेरीज ११.३ होते, आणि डीव्हीडीत चित्र, आवाज, सबटायटल सगळं धरून मर्यादा १०.०८ ची आहे. म्हणजे तुम्ही सांगताय ती डिस्क नियमात बसणारी डीव्हीडीच नव्हे. व्हीएचएसवरच्या मोनो सनईला १९२ किलोबिटचा एसी-३ (डीव्हीडीवर चालणारा दाबलेला आवाज) भरपूर झाला.

खरा प्रश्न सरासरी किती, हा नसून बिट कुठे खर्च होतात, हा आहे. एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीवरचं चित्र दाबायची पद्धत, मागच्यापुढच्या फ्रेमशी तुलना करून मुख्यतः फरक साठवते. आहेर देणाऱ्यांची रांग बघा. कॅमेरा स्टँडवर, मागे तोच पडदा, पुढे एकेक जण पाकीट देऊन फोटोला उभा. तासभर फरक जवळपास शून्य. आता ‘शुभमंगल सावधान’ झाल्याबरोबर काय होतं आठवा. चारशे माणसं एकदम अक्षता उधळतात. हजारो बारीक ठिपके, प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश, आणि अंतरपाट एका झटक्यात खाली. मागच्या फ्रेमचा पुढच्या फ्रेमशी काही संबंधच उरत नाही. एनकोडरची एवढी कठोर परीक्षा मी तरी दुसऱ्या कुठल्या घरगुती चित्रीकरणात पाहिलेली नाही. आमच्या घरातल्या एका लग्नाचे तीन तास एका दुकानदाराने पूर्ण आकारात एकाच डिस्कवर कोंबले होते. त्यात बरोबर अक्षतांच्या क्षणी नवरा-नवरी चौकोनी ठोकळ्यांमागे गडप झाले. बाकी आहेर अगदी स्वच्छ.

म्हणून मी टू-पास व्हेरिएबल बिटरेटचा हट्ट धरतो. पहिल्या फेरीत एनकोडर सगळं लग्न नुसतं बघून घेतो, दुसऱ्या फेरीत आहेराच्या रांगेतले बिट वाचवून अक्षतांवर उधळतो. दोन तासांना सरासरी ४.८ ते ५ आणि कमाल ८. तुमच्या तीन तासांचे दोन भाग करा. दीड-दीड तासाला साडेसहाची सरासरी आरामात मिळते. पंगत सुरू होते तिथे तोडलं तर कुणाची तक्रार येत नाही. एकाच डिस्कवर हवं असेल तर ३५२ बाय ५७६ पिक्सेल असा अर्धा आकार घ्या. डीव्हीडीच्या नियमात तो बसतो, आणि व्हीएचएसच्या तपशिलाला ३५२ ची रुंदी पुरून उरते. चित्राला सव्वातीन मेगाबिट मिळतात, तेवढ्यात भागतं. दुहेरी थराची डिस्क महाग असते आणि थर बदलताना जुने प्लेअर रुसतात, म्हणून तिच्या वाटेला मी जात नाही.

कॅसेटच्या चित्राला तळाशी वेडीवाकडी पट्टी असते, ती तुम्ही कापून चित्र ताणलंत असं लिहिलंय. तसं करू नका. उभं ताणलं की दोन्ही फिल्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात. तेवढ्या आठ-दहा ओळी काळ्या करा, आकार तोच राहू द्या.

राहिला टोला. मूळ कॅप्चर मीही हार्डडिस्कवर ठेवतो, दोन ठिकाणी. तासाला १३ जीबी लागतात, लागू देत. डीव्हीडी मी जपणुकीसाठी करत नाही, आत्यासाठी करतो. तिच्या प्लेअरला पेनड्राइव्हचं भोक नाही. रिमोटवरची तीन बटणं तिला पाठ आहेत, आणि दुपारी जेवण झालं की ती स्वतःच्या हाताने डिस्क घालून तिच्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, मांडवात धावपळ करताना बघते. तिथे चित्र अडखळलं तर फोन मला येतो.

तेव्हा नवी डिस्क जाळण्याआधी एक कराच. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क घ्या, दोन मिनिटांचा तुकडा दोन्ही फिल्ड क्रमांनी एनकोड करा आणि टीव्हीवर लावून बघा. सप्तपदीचा तुकडा नको, तिथे सगळे जपून पावलं टाकतात, फरक कळणार नाही. वरातीतल्या नाचाचा घ्या.