डब्यात शिरलेला समुद्रकिनारा

मे महिन्यातल्या सकाळी सव्वानऊला, दादरला लोकलच्या डब्यात कोंबलेल्या गर्दीत माझ्या नाकापासून चार बोटांवर कोणाचा तरी खांदा असतो आणि त्यावरून अत्तरातले निशिगंध, नारळ, व्हॅनिला व वर घाम असे चौघे एकदमच माझ्या डोक्यात शिरतात, तेव्हा विचारावेसे वाटते की, बाई, आपण नेमक्या कोणत्या किनाऱ्यावर निघाला आहात? ताहितीत खोबरेल तेलात तियारेची फुले मुरवून मोनोई हे सुवासिक तेल करतात, हे मान्य. पण तिथे समुद्राचा वारा असतो, इथे तो गर्दीमुळे दारातच अडतो. निशिगंध आणि मोगरा यांच्या सुवासात इंडोल नावाचे रसायन असते, जे चिमूटभर असले तर मोहक वाटते आणि वाढले की कुजकट. त्यात तापलेल्या त्वचेवरून अत्तर भराभर उडते. मग दोन फवारे पुरत नाहीत का? मानेवर, मनगटांवर, केसांवर, शिवाय ओढणीवर! (गजराही उन्हाळ्यात माळतात, पण तो निदान शेजारणीच्या डब्यातल्या पोळीभाजीला व्हॅनिलाची चव आणत नाही.) लावणारीचे नाक थोड्याच वेळात सरावते, म्हणून वास उडाला असे समजून ती पर्समधून बाटली काढते आणि पुन्हा फवारते. माझे नाक मात्र प्रत्येक स्थानकावर दारातून ताज्या हवेचा एक घोट घेते आणि गाडी सुटताच नव्याने मार खाते. काल वांद्र्यापर्यंत मी सात वेळा शिंकले, तर ती काळजीने म्हणाली, ‘‘काय बाई ही धूळ!’’